गाडीने काय लक्षात ठेवायचं आणि काय विसरायचं: एडास आणि सेल्फ ड्रायव्हिंग गाड्यांचं सेफ्टी रेकॉर्डिंग, कोकणातल्या रस्त्यांसाठी

मुंबई-गोवा हायवेवर आता एडासवाल्या, म्हणजे ड्रायव्हरला मदत करणारी सिस्टीम असलेल्या, गाड्या सर्रास दिसायला लागल्यात. लेन धरून ठेवणं, पुढच्या गाडीपासून अंतर राखणं, कोणी आडवं आलं तर आपोआप ब्रेक मारणं ही कामं गाडी स्वतः करते. ही काही पूर्ण सेल्फ ड्रायव्हिंग नाही, लेव्हल २ आहे, म्हणजे जबाबदारी ड्रायव्हरचीच, पण त्यामुळेच अपघात झाल्यावर एक नवीन प्रश्न उभा राहतो की त्या सेकंदाला गाडी नक्की कोण चालवत होतं. त्याचं उत्तर हवं तर रेकॉर्डिंग हवं. आणि रेकॉर्डिंग आलं की त्यात पॅसेंजर आले, त्यांच्या गप्पा आल्या, रस्त्याने शाळेत चाललेली पोरं आली, वाडीतल्या लोकांची अंगणं आली. हा लेख दोन-चार टुरिस्ट गाड्या चालवणाऱ्यांसाठी, पिकअपची गाडी ठेवणाऱ्या होमस्टेवाल्यांसाठी आणि कॉलेजमध्ये स्वतः चालणाऱ्या गाडीचा प्रोटोटाइप करणाऱ्या मुलांसाठी आहे. गाडीबद्दल भरपूर साठवा आणि माणसाबद्दल कमीत कमी, हे दोन्ही एकाच वेळी जमतं, फक्त ते आधी ठरवावं लागतं.

पहिलं काम कागदावर

काहीही विकत घ्यायच्या आधी एक कागद घ्या आणि अपघात झाल्यावर तुम्हाला कोण काय विचारणार ते लिहून काढा. पोलीस विचारतील, इन्शुरन्सचा सर्व्हेअर विचारेल, ज्याला लागलं त्याच्या घरचे विचारतील, आणि त्यांचा हक्क सगळ्यात मोठा आहे. प्रश्न फिरून फिरून तेच येतात. स्पीड किती होता? ब्रेक कधी लागला, माणसाने दाबला की सिस्टीमने? सिस्टीमला समोरचं दिसलं होतं का, आणि दिसलं तर काय म्हणून दिसलं? ड्रायव्हरला वॉर्निंग किती आधी मिळाली? कॅमेऱ्याची काच साफ होती का?

आता यातला एक तरी प्रश्न असा आहे का ज्याला पॅसेंजरचं नाव लागतं, किंवा मागच्या सीटवर काय बोलणं चाललं होतं ते लागतं, किंवा गाडी काल रात्री कोणाच्या दारात उभी होती ते लागतं? नाही. हा कागद जपून ठेवा, पुढे प्रत्येक सेटिंग करताना तो समोर धरायचा आणि ज्या डेटाने यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर मिळत नाही तो घ्यायचाच नाही.

रेकॉर्डिंगची किंमत काय ते एका केसवरून कळतं. १८ मार्च २०१८ ला अमेरिकेत टेम्पी शहरात उबरच्या टेस्ट गाडीने सायकल हातात धरून रस्ता ओलांडणाऱ्या बाईला उडवलं, त्या गेल्या. नंतर तिथल्या एनटीएसबी या तपास संस्थेने गाडीचा डेटा वाचला तेव्हा कळलं की सिस्टीमला त्या बाई धडकेच्या ५.६ सेकंद आधीच दिसल्या होत्या, पण सिस्टीम त्यांना कधी गाडी समजत होती, कधी सायकल, कधी इतर काहीतरी, पादचारी म्हणून तिने एकदाही ओळखलं नाही. हा डेटा नसता तर "अंधारात अचानक मध्ये आल्या" एवढंच राहिलं असतं आणि दोष मेलेल्या माणसावर गेला असता. आपल्याकडे कोणी गुरांमागे चालणारा किंवा पावसात घोंगडं घेऊन चालणारा गाडीखाली आला तर तेच होईल, म्हणून हे गांभीर्याने घ्या.

बाहेर काय नियम आहेत, आणि त्यातलं काय उचलायचं

दोन प्रकारचे रेकॉर्डर असतात आणि लोक त्यांची गल्लत करतात. पहिला ईडीआर (इव्हेंट डेटा रेकॉर्डर), तो बहुतेक एअरबॅगच्या कंट्रोल युनिटमध्येच असतो. तो धडकेच्या आधीचे काही सेकंद पकडतो: स्पीड, ब्रेक, ॲक्सिलरेटर, सीटबेल्ट लावला होता का, धडक किती जोरात बसली. त्यात व्हिडिओ नसतो, आवाज नसतो. युरोपात जुलै २०२४ पासून प्रत्येक नव्या कारला तो सक्तीचा आहे, आणि तिथला नियम असा की तो डेटा निनावी हवा, चासी नंबरचे शेवटचे चार आकडेसुद्धा त्यात साठवायचे नाहीत. अमेरिकेने डिसेंबर २०२४ मध्ये धडकेआधीची ५ सेकंदांची मुदत २० सेकंदांवर नेणारा नियम काढला, कारण ५ सेकंदांत ड्रायव्हरने आधी काय केलं ते कळत नाही.

दुसरा डीएसएसएडी (डेटा स्टोरेज सिस्टीम फॉर ऑटोमेटेड ड्रायव्हिंग). हा स्वतः चालणाऱ्या गाड्यांसाठी, संयुक्त राष्ट्रांच्या नियम क्रमांक १५७ मध्ये आलेला. तो फक्त घटना लिहितो: सिस्टीम चालू झाली, बंद झाली, ड्रायव्हरला "आता तू घे" म्हणून सांगितलं, त्याने घेतलं, इमर्जन्सी ब्रेकिंग सुरू झालं, प्रत्येकासमोर तारीख आणि वेळ. अशा किमान २५०० नोंदी मावायला हव्यात, साधारण सहा महिन्यांच्या वापराच्या हिशोबाने. सहा महिने, आणि त्यात एकाही माणसाचा चेहरा नाही! मला हा नियम फार आवडतो कारण "कोण चालवत होतं" हा सगळ्यात कळीचा प्रश्न तो काही किलोबाइटांत सोडवतो.

कॉलेजच्या टीमने हाच साचा घ्यावा: एक बारीक घटना-वही जी कायम चालू, आणि एक जाड सेन्सर-रेकॉर्डिंग जे फक्त घटना घडली तरच टिकतं. कॅलिफोर्नियाचा कायदा धडकेच्या आधीचे किमान ३० सेकंद सेन्सर डेटा मागतो, तो आकडा धरून चला.

आणि ज्यांच्याकडे शोरूममधून घेतलेली एडासची गाडी आहे त्यांचं काय? आतला लॉग आपल्याला सहसा वाचता येत नाही, तो कंपनीकडे. शोरूमला लेखी विचारा की गाडी काय साठवते, कुठे पाठवते आणि अपघातानंतर आम्हाला काय मिळेल, उत्तर लेखीच घ्या. तोपर्यंत एक साधी युक्ती आहे: समोरच्या डॅशकॅमसोबत (रस्ता टिपणारा कॅमेरा) आणखी एक छोटा कॅमेरा फक्त मीटरकडे तोंड करून बसवायचा. मीटरवर स्पीड दिसतो, लेन असिस्टचं चिन्ह हिरवं आहे की नाही दिसतं, वॉर्निंग दिसते. कोणाचा चेहरा येत नाही आणि सिस्टीम चालू होती की बंद याचा पुरावा मिळतो. एक काळजी घ्या, एडासचा स्वतःचा कॅमेरा आरशामागे काचेला असतो, त्याच्यासमोर डॅशकॅम किंवा त्याची वायर अजिबात येता कामा नये.

कोकणात जास्तीचं काय लिहायचं

बाहेरचे नियम चांगल्या रुंद, पट्टे मारलेल्या रस्त्यांवर बसून लिहिलेत. आपल्याकडे जून ते सप्टेंबर पाऊस असा की वायपर फुल स्पीडवर असूनही पुढची गाडी दिसत नाही, आंबोलीत धुकं, किनाऱ्याच्या रस्त्याला काचेवर खाऱ्या हवेचा चिकट थर, उन्हाळ्यात जांभ्याची लाल धूळ, कामामुळे डायव्हर्जन आणि त्यावर जुने-नवे पट्टे एकमेकांवर. अशात सिस्टीम मध्येच हात वर करते. ती कधी आणि कशामुळे सोडून देते हा आपल्यासाठी सगळ्यात मोलाचा सेफ्टी डेटा, आणि गंमत म्हणजे यात प्रायव्हसीचा काहीच खर्च नाही.

म्हणून प्रोटोटाइपवाल्यांनी कॅमेरा धूसर झाला का, लायडार-रडारला (लेझरने आणि रेडिओ लहरींनी अंतर मोजणारे सेन्सर) पावसाने गोंधळ झाला का, वायपरचा स्पीड, लाइट, तापमान हे सगळं बिनधास्त लिहावं. एक ओळ अशी दिसेल: "१४:०२:११, लेन असिस्ट बंद, कारण पट्टा दिसत नाही, वायपर फास्ट, स्पीड ५२, हात स्टेअरिंगवर." एडासची गाडी असलेल्यांनी ड्रायव्हरला वही द्या, दिवस संपल्यावर कुठे सिस्टीम सुटली ते दोन ओळींत लिहायचं, किलोमीटरच्या दगडाच्या हिशोबाने. पावसाळाभर अशी वही ठेवली तर कुठल्या पट्ट्यात एडास बंदच ठेवायचं ते तुम्हाला कळेल, आणि पुढच्या नव्या ड्रायव्हरला ती वही सगळ्यात आधी वाचायला द्या.

शिमग्याला पालखी रस्त्यावर येते, गणपतीत चाकरमान्यांच्या गाड्यांची रांग लागते, रात्री दशावतार बघून लोक कडेने चालत घरी जातात. अशा वेळी सिस्टीम कशी वागली ते लिहा, लोक कोण होते ते लिहू नका.

लूप, ट्रिगर आणि बटण

डॅशकॅम लूपमध्ये चालतो, कार्ड भरलं की जुनं पुसून नवीन लिहितो. फुल एचडीला तासाला साधारण ५ ते ७ जीबी लागतात, म्हणजे ६४ जीबीच्या कार्डात ९ ते १२ तास. एवढं पुरे. मोठं कार्ड घेऊन पंधरा दिवसांचं साठवणं म्हणजे पंधरा दिवसांचे लोकांचे चेहरे सांभाळायची जबाबदारी विनाकारण अंगावर घेणं. कार्ड मात्र सततच्या रेकॉर्डिंगसाठी बनवलेलं हाय एन्ड्युरन्सचंच घ्या, साधं कार्ड उन्हात तापलेल्या काचेजवळ लवकर मरतं आणि मेलेलं कळतही नाही.

धक्का बसला की जी-सेन्सर (डॅशकॅममधला धक्का ओळखणारा सेन्सर) ती क्लिप लॉक करतो, म्हणजे ती पुसली जात नाही. इथे दोन्ही बाजूंनी फसगत होते. सेन्सिटिव्हिटी जास्त ठेवली तर प्रत्येक खड्ड्याला क्लिप लॉक होते, लॉक झालेल्या क्लिपांनी कार्ड भरतं आणि लूपला जागाच राहत नाही. कमी ठेवली तर माणसाला किंवा वासराला लागलेला धक्का त्याला जाणवतच नाही, कारण दीड टनाच्या गाडीला तो धक्का किरकोळ असतो. ईडीआरचंही तसंच, तो साधारण १५० मिलिसेकंदांत गाडीचा वेग ८ किमी प्रतितासाने बदलला तर जागा होतो. मग उपाय काय, तर सेन्सिटिव्हिटी कमी आणि हाताने दाबायचं लॉक बटण ड्रायव्हरच्या सवयीचं करायचं. काहीही घडलं, अगदी थोडक्यात वाचलो असलो तरी, गाडी थांबवून बटण दाबायचं. प्रोटोटाइपमध्ये यासोबत आणखी ट्रिगर लावा: सिस्टीमने स्वतः कडक ब्रेक मारला, ड्रायव्हरने झटक्याने ताबा घेतला, सेन्सर एकमेकांशी जुळेनात.

धडकेनंतरचंही रेकॉर्डिंग हवं, ते लगेच बंद होता कामा नये. २ ऑक्टोबर २०२३ ला सॅन फ्रान्सिस्कोत एका बाईला आधी दुसऱ्या गाडीने ठोकलं, त्या क्रूझ कंपनीच्या ड्रायव्हर नसलेल्या टॅक्सीसमोर पडल्या, टॅक्सी थांबली आणि मग बाजूला घेण्यासाठी परत चालू झाली, त्यात त्या सुमारे २० फूट फरफटल्या. सगळा वाद त्या नंतरच्या भागावरून झाला, तो अधिकाऱ्यांना नीट सांगितला-दाखवला गेला नाही म्हणून कॅलिफोर्नियाने कंपनीचा परवाना थांबवला. तेव्हा आधीचे ३० सेकंद आणि नंतरचा किमान एक मिनिट, आणि क्लिप द्यायची वेळ आली तर अख्खी द्यायची, सोयीचा तुकडा कापून नाही.

घड्याळाचं पण बघा. जीपीएसची वेळ युटीसी (जागतिक प्रमाणवेळ) असते, आपण साडेपाच तास पुढे, कॅमेऱ्यात टाइमझोन चुकीचा असला तर दुपारचा अपघात सकाळचा दिसतो आणि पुरावाच संशयात येतो. कशेडीच्या बोगद्यात जीपीएस जातं, तेव्हा गाडीचं आतलं घड्याळ चालू राहायला हवं आणि बाहेर आल्यावर किती सेकंदांचा फरक पडला तो लॉगमध्ये लिहिला जायला हवा.

आता माणसं बाहेर काढा

आवाज बंद. डॅशकॅमच्या मेनूत माइकचं चिन्ह असतं, ते पहिल्या दिवशी ऑफ करा. कुटुंब गाडीत बसतं, आजारपण बोलतं, पैशाचं बोलतं, भावाभावांतल्या जमिनीचं बोलतं. त्यातलं काहीच तुमच्या कागदावरच्या प्रश्नांत नाही.

आतला कॅमेरा शक्यतो नको. प्रोटोटाइपमध्ये ड्रायव्हर जागा आहे का हे बघायला तो लागतो, तर गाडीतच त्याचं उत्तर काढा आणि फक्त उत्तर साठवा: नजर रस्त्यावर, हो किंवा नाही, हात स्टेअरिंगवर, हो किंवा नाही. चित्र तिथेच टाकून द्या. ड्रायव्हरही माणूस आहे, दिवसभर त्याच्या तोंडाचा व्हिडिओ मालकाच्या मोबाईलवर जात असेल तर तो एक दिवस कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावेल, आणि ज्या दिवशी खरंच गरज असेल त्या दिवशी काहीच मिळणार नाही. त्याला आधीच सांगा की हे रेकॉर्डिंग पगार कापायला वापरणार नाही, आणि तसंच वागा.

लोकेशनचा धोका लोकांना सगळ्यात कमी कळतो. २०१३ मध्ये एका अभ्यासात १५ लाख लोकांच्या मोबाईल लोकेशनचा डेटा तपासला, नावं काढून टाकलेला, तर चार ठिकाणं-वेळा पुरेशा होत्या ९५ टक्के लोकांना वेगळं ओळखायला. हे लाखो लोकांचं झालं. आपल्या वाडीत दहा घरं, प्रत्येक घर आपापल्या बागेत, तिथे एक बिंदू पुरतो. तीन दशांश स्थळांपर्यंत अक्षांश-रेखांश ठेवले तर चूक साधारण ११० मीटरची, आणि ११० मीटरमध्ये आपल्याकडे बऱ्याचदा एकच घर असतं. म्हणून बाहेर कोणाला डेटा द्यायचा तर दोन दशांश, म्हणजे साधारण १.१ किलोमीटरच्या आत-बाहेर, किंवा हायवेवर असेल तर नुसता किलोमीटर. प्रत्येक फेरीचा पहिला आणि शेवटचा एक किलोमीटर कापून टाका, पॅसेंजरचं घर, दवाखाना, लॉज सगळं त्यातच असतं. पूर्ण अचूक लोकेशन फक्त अपघाताच्या मूळ क्लिपमध्ये.

नंबरप्लेट. बरेच जण म्हणतात आम्ही नंबर हॅश करून ठेवतो, म्हणजे गणिताने त्याचा एक ठराविक कोड बनवून मूळ नंबर टाकून देतो, म्हणून सुरक्षित. तसं होत नाही. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या टॅक्सी फेऱ्यांचा डेटा असाच हॅश केलेल्या टॅक्सी नंबरांसकट बाहेर आला, आणि शक्य तेवढे सगळे नंबर हॅश करून जुळवून लोकांनी तो काही तासांत उलगडला. रत्नागिरीचं एमएच-०८ धरा, पुढे दोन अक्षरं आणि चार आकडे, एकूण जुळण्या होतात साधारण ६७ लाख, साध्या लॅपटॉपला हे काही सेकंदांचं काम. सिंधुदुर्गच्या एमएच-०७ चंही तेच. नंबर लागत नसेल तर साठवूच नका, आणि क्लिप दाखवायची असेल तर प्लेट आणि चेहरे काळ्या चौकोनाने झाका. नुसतं पुसट केलेलं कधीकधी परत वाचता येतं, काळा चौकोन नाही. झाकायचं ते कॉपीवर, मूळ क्लिपला हात लावायचा नाही.

अपघाताचे व्हिडिओ गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणं तर मुळीच नको. ज्याचं माणूस गेलंय त्याच्या मोबाईलवर ते पोचतं.

चावी कोणाकडे

बहुतेक डॅशकॅमचं कार्ड कोणीही काढून लॅपटॉपला लावू शकतो, आणि वायफायचा पासवर्ड कंपनीने दिलेला सोपा असतो. तो बदला. क्लाऊड अपलोड लागत नसेल तर बंद. कंपन्यांकडून काय होतं ते दिसलंय: रॉयटर्सने एप्रिल २०२३ मध्ये बातमी दिली की २०१९ ते २०२२ मध्ये टेस्लाचे कर्मचारी ग्राहकांच्या गाड्यांच्या कॅमेऱ्यातले खासगी व्हिडिओ आपापसात फिरवत होते. डिसेंबर २०२४ मध्ये फोक्सवॅगनच्या सुमारे ८ लाख इलेक्ट्रिक गाड्यांचा डेटा उघड्यावर सापडला, त्यातल्या साडेचार लाखांहून जास्त गाड्यांचं नेमकं लोकेशन होतं.

लॉक झालेल्या क्लिपा कोण बघू शकतो ते नावाने ठरवा, दोन माणसं पुरेत, आणि प्रत्येक वेळी कोणी, कधी, कशासाठी बघितलं ते लिहा. प्रोटोटाइपमध्ये गाडीत डेटाला फक्त कुलूप लावायची (एन्क्रिप्शनची) चावी ठेवा आणि उघडायची चावी कॉलेजमध्ये, म्हणजे गाडी किंवा कार्ड चोरीला गेलं तरी आतलं वाचता येणार नाही.

पाटी आणि कायदा

घरच्या वापराच्या गाडीला २०२३ च्या डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायद्यातून सूट आहे, पण धंद्याच्या गाडीला नाही. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, मुख्य जबाबदाऱ्या १८ महिन्यांनी लागू होतात, म्हणून तयारी आत्ताच करा. सूचना लोकांना कळेल अशा भाषेत हवी, आठव्या अनुसूचीतल्या भाषांचा पर्याय द्यायचा आहे, त्यात मराठी आहे आणि कोकणीही आहे. दारावर आणि सीटसमोर लावायची पाटी मी अशी लिहीन: "या गाडीत रस्त्याचं आणि मीटरचं रेकॉर्डिंग होतं. आवाज आणि आतलं चित्र रेकॉर्ड होत नाही. अपघात किंवा तसा प्रसंग घडला नाही तर गाडी साधारण ९ ते १२ तास चालली की आपोआप पुसलं जातं. शंका असल्यास मालकाला विचारा." खाली फोन नंबर.

अपघात झाला तर

आधी माणूस. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ प्रमाणे जखमीला उपचार मिळवून देणं ड्रायव्हरवर बंधनकारक आहे, कार्ड नंतर. बटण दाबलं की पुढची फिकीर करायची गरज नसते. मग सुरक्षित झाल्यावर कॅमेरा बंद करून कार्ड काढा, लिफाफ्यात घाला, तारीख, वेळ, सही. घरी गेल्यावर ते कार्ड फक्त वाचायच्या मोडमध्ये उघडून एकदाच कॉपी करा आणि दोन्हींचा एसएचए-२५६ हॅश काढून लिहून ठेवा. (इथे हॅश योग्य जागी आहे, फाइल बदलली नाही हे त्याने दाखवता येतं.) भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जे प्रमाणपत्र लागतं त्यात हा हॅश भरावा लागतो, त्याचा एक भाग तुम्ही आणि एक भाग तज्ज्ञाने भरायचा असतो. पोलिसांनी मागितलं तर लेखी मागणी घ्या आणि पोच घ्या, आणि त्या घटनेची अख्खी क्लिप द्या, दिवसभराचं कार्ड नव्हे. गाडी गॅरेजला जाणार असेल तर एअरबॅगचं युनिट बदलू देऊ नका जोपर्यंत ईडीआर वाचून होत नाही, आणि बदललंच तर जुनं तुमच्याकडे मागून घ्या.

ठेवायचं किती दिवस? रोजचं लूप आपोआप जातं. थोडक्यात वाचलेल्या घटना महिनाभर, त्यातून शिकून घ्या आणि पुसा. अपघाताची क्लिप मात्र केस आणि क्लेम पूर्ण संपेपर्यंत, कारण भरपाईचा अर्ज करायलाच सहा महिन्यांची मुदत आहे आणि पुढे सुनावणी चालते. तुमच्या विरुद्ध जाणारी क्लिप असली तरी ठेवायची, हे मी मुद्दाम लिहितोय.

मे महिन्यात, पाऊस लागायच्या आधी, मोकळ्या मैदानात एकदा सराव करा. एक पुठ्ठ्याचा खोका, कडक ब्रेक, बटण. मग क्लिप निघते का, वेळ बरोबर आहे का, मीटर वाचता येतं का, आवाज खरंच नाही ना, आणि दोन दिवसांनी जुनं खरंच पुसलं गेलं ना, हे स्वतः बघा. पुसलं जातंय का हे कोणीच तपासत नाही.

आणि गाडी विकताना डॅशकॅमचं कार्ड काढून घ्या, स्क्रीन सिस्टीमला फॅक्टरी रिसेट मारा (त्यात फोनचे कॉन्टॅक्ट आणि "होम" म्हणून घराचा पत्ता असतो), कंपनीच्या ॲपमधून गाडी तुमच्या नावावरून काढा. काढली नाही तर पुढच्या मालकाची गाडी रोज कुठे उभी असते ते तुमच्या मोबाईलवर दिसत राहील.